वायू आधी पकडावा लागला

पाण्याने काठोकाठ भरलेली बाटली तळहाताने झाकून पाण्याच्या घमेल्यात उपडी धरा. पाणी बाटलीतच राहतं, कारण बाहेरच्या हवेचा दाब ते तोलून धरतो. आता तोंडाखाली वाकडी नळी आणून वायू सोडला की बुडबुडे वर चढतात आणि जितका वायू आला तितकंच पाणी खाली उतरतं. बाटलीवर खुणा केलेल्या असल्या तर वायू पकडला जातो आणि त्याच वेळी मोजलाही जातो. रसायनशास्त्राच्या इतिहासात अणुसिद्धान्ताला जेवढी पानं मिळतात तेवढी या घमेल्याला मिळत नाहीत, आणि मला तो अन्याय वाटतो. वायूंची आकारमानं मोजता आली म्हणून रेणूची कल्पना सुचली, आणि मोजता आली ती या साध्या मांडणीमुळे.

त्याआधीची अडचण किती मोठी होती ते व्हान हेल्मोंटच्या कोळशावरून कळतं. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रुसेल्सच्या या वैद्याने ६२ पौंड कोळसा जाळला आणि हाती एक पौंड राख उरली. बाकीचे ६१ पौंड कशात गेले? त्याने त्याला ‘गॅस’ हा नवा शब्द दिला, ग्रीक ‘केऑस’वरून घडवलेला. आंबणाऱ्या द्राक्षरसातून निघतं तेही हेच, हे त्याने ओळखलं. पण हा पदार्थ भांड्यात कोंडता येत नाही असं त्याचं ठाम मत होतं. बंद भांड्यात तयार केला की भांडं फुटायचं, उघड्यात केला की निघून जायचा. जे हातात राहत नाही ते मोजणार कसं?

बॉइलने १६६२ साली हवेचा दाब आणि आकारमान यांचं नातं आकड्यांत मांडलं. आखूड फाट्याचं तोंड बंद असलेली इंग्रजी जे अक्षरासारखी काचनळी घ्यायची, लांब फाट्यातून पारा ओतत जायचं आणि कोंडलेल्या हवेची उंची वाचायची. पहिली नळी पाऱ्याच्या वजनाने फुटली. मग नळी लाकडी पेटीत उभी करून काम केलं, म्हणजे पुन्हा फुटली तरी पारा वाया जाऊ नये. २९⅛ इंच पाऱ्याच्या दाबाला हवेने ४८ भाग व्यापले होते. ती २४ भागांवर आली तेव्हा दाब ५८ १३/१६ इंच भरला. दुप्पट म्हणजे ५८¼ यायला हवा होता, म्हणजे फरक एका टक्क्याचा. हाताने खुणा केलेल्या नळीवर हे काम फारच चोख म्हणायला हवं. मात्र हे सगळं एकाच ‘हवे’बद्दल होतं. हवा नावाची वस्तू एक नसून अनेक आहेत, ही शंका अजून पुरती धरली नव्हती.

घमेल्याकडे परत येऊ. बाटलीत वायू गोळा करण्याचे तुरळक प्रयत्न आधीही झाले होते, पण वायू जिथे तयार होतो ते भांडं आणि जिथे साठतो ते भांडं वेगळं करण्याची मांडणी स्टीफन हेल्सची, १७२७ मध्ये प्रसिद्ध झालेली. त्याने बंदुकीची नळी वाकवली, बंद टोकात पदार्थ घालून ते विस्तवात ठेवलं आणि दुसरं टोक पाण्यात उपड्या टांगलेल्या काचपात्राखाली आणलं. लाकूड, हाडं, शिंपले, शेंदूर असं हाताला लागेल ते त्याने तापवलं आणि प्रत्येकातून किती घन इंच ‘हवा’ निघाली ते लिहून ठेवलं. शेंदरातून निघालेला वायू ऑक्सिजन होता. हेल्सने तो मोजला, पण त्यात जळती काडी घालून पाहिली नाही. त्याच्या लेखी ती सगळी हवाच होती, फक्त घन पदार्थात अडकलेली. मोजमाप होतं, ओळख नव्हती.

ही मांडणी दिसायला सोपी असली तरी तिच्या खोड्या पुष्कळ आहेत, आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांतले शोध बरेचसे या खोड्यांशी झगडतानाच लागले. पहिली खोड म्हणजे उलटं शोषण. तापवणं थांबलं की आतला वायू आकसतो, पाणी नळीतून मागे चढतं आणि तापलेल्या काचेवर पडून ती तडकते. म्हणून आधी नळीचं टोक पाण्याबाहेर काढायचं आणि मगच विस्तव दूर करायचा. दुसरी, सुरुवातीचे बुडबुडे हे उपकरणातल्या हवेचे असतात, ते सोडून द्यायचे. किती सोडायचे? नळी आणि चंबू मिळून जेवढं आकारमान, त्याच्या तिप्पट-चौपट तरी. तिसरी, वाचन घेताना आतली आणि बाहेरची पातळी एक हवी. आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा १३.६ सेंटिमीटर उंच असेल तर वायूचा दाब एक सेंटिमीटर पाऱ्याएवढा कमी असतो आणि तो सव्वा टक्का फुगलेला वाचला जातो. चौथी, पाण्यावर गोळा केलेला वायू कधीच कोरडा नसतो. २० अंश सेल्सिअसला पाण्याचा बाष्पदाब १७.५ मिलिमीटर असतो, म्हणजे मोजलेल्या आकारमानातला सुमारे २.३ टक्के भाग निव्वळ वाफेचा.

पण सगळ्यांत मोठी खोड म्हणजे पाणी स्वतःच वायू गिळतं. कार्बन डायऑक्साइड साध्या तापमानाला साधारण स्वतःच्या आकारमानाइतक्या पाण्यात विरघळून जातो. हायड्रोजन क्लोराइड एका आकारमान पाण्यात चारशेहून जास्त आकारमानं मावतो, अमोनिया सातशेच्या आसपास. हे वायू घमेल्यातून वर येताना दिसतच नाहीत, मग ते अस्तित्वात आहेत हे कळणार कसं? प्रिस्टलीने घमेल्यात पाण्याऐवजी पारा वापरायला सुरुवात केली आणि थोड्याच वर्षांत अमोनिया, हायड्रोजन क्लोराइड, सल्फर डायऑक्साइड असे वायू पहिल्यांदाच बाटलीत उभे राहिले. त्याच्याआधी कॅव्हेंडिशनेही कार्बन डायऑक्साइड पाऱ्यावर गोळा केला होता. पारा महाग आणि जड. पाव लिटरची बाटली पाऱ्याने भरली की नुसता पारा ३.४ किलो. त्यामुळे ही पात्रं छोटी आणि जाड काचेची असत. क्लोरिनला पाराही चालत नाही, तो पाऱ्याशीच संयोग पावतो. त्याला कोमट पाणी किंवा मिठाचं संपृक्त पाणी लागतं. (पाऱ्याची वाफ विषारी आहे, उघड्या पाऱ्यावरची ही पद्धत आज कोणी घरी करू नये.)

वेगवेगळे वायू हाती आल्यावर त्यांची ओळख पटवण्याचं काम सुरू झालं. एडिनबरोच्या जोसेफ ब्लॅकने १७५०च्या दशकात चुन्याची निवळी दुधी करणारा वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, तराजूने धरला: मॅग्नेशियम कार्बोनेट तापवून घटलेलं वजन, आणि तो वायू परत बसवल्यावर भरून आलेलं वजन. कॅव्हेंडिशने १७६६ मध्ये धातू आणि आम्लांपासून मिळणाऱ्या ज्वलनशील वायूची, म्हणजे हायड्रोजनची, घनता काढली. प्रिस्टलीने १ ऑगस्ट १७७४ रोजी १२ इंच व्यासाच्या भिंगाने पाऱ्याची लाल भस्म तापवून ऑक्सिजन मिळवला. शेलेने तो आधीच मिळवला होता, पण त्याचं लेखन १७७७ मध्ये बाहेर आलं. लाव्हाझिएने रिटॉर्टमध्ये (लांब वाकड्या मानेच्या काचपात्रात) ४ औंस पारा ५० घन इंच हवेत बारा दिवस तापवत ठेवला. हवा ४२-४३ घन इंच उरली आणि पाऱ्यावर ४५ ग्रेन लाल भस्म जमली. ती वेगळी तापवल्यावर साडेएकेचाळीस ग्रेन पारा आणि सात-आठ घन इंच वायू परत मिळाला. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असताना त्याच्या प्रयोगात सुमारे १५ टक्केच गेला, म्हणजे पाऱ्याने सगळा ऑक्सिजन ओढून घेतला नव्हता. तरी गेलेलं आणि परत आलेलं जुळलं, आणि फ्लॉजिस्टनची, म्हणजे जळताना पदार्थातून निघून जातं असं मानलेल्या तत्त्वाची, गरज संपली.

कॅव्हेंडिशच्या १७८५ सालच्या प्रयोगाकडे मात्र थोडं थांबून पाहायला हवं. वाकवलेल्या काचनळीची दोन्ही टोकं पाऱ्याच्या दोन पेल्यांत, वरच्या बाकात हवा आणि थोडं अल्कलीचं द्रावण, आणि त्यातून विजेच्या ठिणग्या. नायट्रोजन आणि ऑक्सिजन जुळून तयार होणारा वायू अल्कली शोषून घेत जातं. आकसलेल्या जागी पुन्हा ऑक्सिजन सोडायचा, पुन्हा ठिणग्या. आकसणं पूर्ण थांबल्यावर जास्तीचा ऑक्सिजन काढून टाकला, तेव्हा एक छोटासा बुडबुडा उरला. घेतलेल्या नायट्रोजनच्या १/१२० पेक्षा जास्त नाही, असं त्याने लिहिलं. उरलेला बुडबुडा चूक समजून पुसून टाकणं सोपं होतं. त्याने तो नोंदवला.

यानंतर प्रश्न बदलला. कोणता वायू, हे कळू लागलं होतं. आता किती, हे हवं होतं, आणि त्यासाठी ओलावा आड येत होता. तापवल्यावर वायू किती प्रसरण पावतात याचे आकडे जो तो वेगळे देत होता. गे-ल्युसॅकने १८०२ मध्ये कारण दाखवलं: उपकरणात राहिलेलं पाणी. ०.०५ मिलिलिटरचा एक थेंब आत राहिला तर १०० अंशांना त्याची सुमारे ८५ मिलिलिटर वाफ होते. लहान चंबूत याने आकडा पार बिघडतो. कोरड्या वायूंवर मोजल्यावर सगळ्यांचं प्रसरण एकच निघालं, ० ते १०० अंशांत १०० आकारमानांची १३७.५. आजचा आकडा १३६.६ च्या आसपास आहे. हायड्रोजन असो की ऑक्सिजन, वागणूक तीच. वायूंच्या कणांमध्ये काहीतरी समान आहे याची ही मोठी खूण होती.

दुसरी खूण लगेच आली. हंबोल्ट आणि गे-ल्युसॅक यांनी १८०५ मध्ये ऑक्सिजन आणि हायड्रोजन बंद नळीत ठिणगीने पेटवून मोजलं: १०० आकारमानं ऑक्सिजनला १९९.८९ हायड्रोजन. या प्रयोगात एक वायू मुद्दाम जास्त घ्यावा लागतो, म्हणजे दुसरा पूर्ण संपतो आणि उरलेल्यावरून हिशेब करता येतो. पण फार जास्त घेतला तर मिश्रण पातळ होऊन नीट पेटतच नाही. हवेतला नायट्रोजन शिरला तर थोडं नायट्रिक आम्ल तयार होतं आणि आकारमान चुकतं. गे-ल्युसॅकने इतर जोड्या तपासून १८०८ च्या शेवटच्या दिवशी निष्कर्ष मांडला की वायू सोप्या पूर्णांकी प्रमाणांत संयोग पावतात, आणि जे तयार होतं ते वायूच असेल तर त्याचं आकारमानही सोप्या प्रमाणातच. २०० कार्बन मोनॉक्साइड आणि १०० ऑक्सिजन, मिळून २०० कार्बन डायऑक्साइड. १०० नायट्रोजन आणि ३०० हायड्रोजन, मिळून २०० अमोनिया. १०० नायट्रोजन आणि १०० ऑक्सिजन, मिळून २०० नायट्रिक ऑक्साइड.

शेवटच्या ओळीपाशी अणुसिद्धान्त मांडणारा डाल्टन अडला, आणि त्याचं अडणं अगदी तर्कशुद्ध होतं. समान आकारमानांत समान कण असतात असं मानू. १०० नायट्रोजनच्या कणांना १०० ऑक्सिजनचे कण भेटले आणि नायट्रिक ऑक्साइडचे २०० कण झाले. त्या प्रत्येकात थोडा तरी ऑक्सिजन हवाच. १०० ऑक्सिजन कण २०० ठिकाणी वाटायचे तर प्रत्येक कण मधून चिरला पाहिजे, आणि अणू तर चिरता येत नाही. शिवाय दुसरा आक्षेप: कार्बन मोनॉक्साइड हा कार्बन आणि ऑक्सिजन मिळून झालेला, तरी तो ऑक्सिजनपेक्षा हलका कसा? भर पडलेला कण हलका कसा होईल? डाल्टनने गे-ल्युसॅकची मोजमापंच नाकारली. आपल्या प्रयोगात हायड्रोजन २ नव्हे, १.९७ येतो, असं त्याचं म्हणणं. तो पाण्याला एक हायड्रोजन, एक ऑक्सिजन असंच मानत राहिला, कारण दोन मूलद्रव्यांचं एकच संयुग माहीत असेल तर सर्वांत साधी जोडी धरायची, हा त्याचा नियम होता.

ॲव्होगॅड्रोने १८११ मध्ये ही गाठ सोडवली. तो तेव्हा इटलीत व्हेर्चेल्ली इथे शिकवत होता, मूळचं शिक्षण कायद्याचं. त्याचं म्हणणं असं: समान आकारमानांत समान कण असतात हे खरं धरा, आणि मूलद्रव्याच्या वायूचा कण हा एकच अणू असतो हा हट्ट सोडा. ऑक्सिजनचा कण दोन भागांचा असेल तर तो चिरला जाणं ही अडचण उरत नाही, कारण चिरला जातो तो रेणू. अणू अखंडच राहतो. त्याच क्षणी अणू आणि रेणू या दोन वेगळ्या वस्तू झाल्या. कार्बन मोनॉक्साइड हलका का, तेही सुटतं: ऑक्सिजनच्या रेणूतला एक अणू जाऊन त्या जागी हलका कार्बन आला.

या विचाराची ताकद त्याने तिथेच दाखवली. कण समान असतील तर घनतांचं गुणोत्तर हेच रेणूंच्या वजनांचं गुणोत्तर. हवेच्या तुलनेत ऑक्सिजनची घनता तेव्हा १.१०३५९ आणि हायड्रोजनची ०.०७३२१ मानली जात होती. भागाकार १५.०७४. आज आपण १६ म्हणतो. चूक आहे हायड्रोजनच्या आकड्यात. खरा आकडा ०.०६९५ आहे. एक लिटर हायड्रोजनचं वजन जेमतेम ०.०९ ग्रॅम. त्यात ४ मिलिलिटर हवा मिसळली गेली तरी घनता पाच टक्क्यांनी वाढलेली दिसते. हायड्रोजन तोलताना चंबूवरचा बोटाचा दमट ठसाही महागात पडतो. पुढे १८४० च्या दशकात रेन्योने तराजूच्या दुसऱ्या पारड्याखाली तेवढ्याच आकारमानाचा बंद चंबू टांगला, म्हणजे हवेची उचल आणि काचेवरचा ओलावा दोन्हीकडे सारखाच पडावा. साधी युक्ती, पण वायूंच्या घनता तिच्यानंतर खऱ्या अर्थाने भरवशाच्या झाल्या.

ॲव्होगॅड्रोचं म्हणणं जवळजवळ पन्नास वर्षं बाजूला राहिलं. रसायनशास्त्रज्ञांनी ते आंधळेपणाने डावललं, असं लिहिलेलं वाचलं की मला खटकतं. त्यांच्याकडे कारणं होती. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसच्या मते अणू एकमेकांना धरतात ते विरुद्ध विद्युत्प्रभारामुळे, मग दोन सारखे ऑक्सिजन अणू एकमेकांना धरतीलच का? आणि त्याहून मोठं कारण म्हणजे प्रयोगच विरोधात बोलू लागले.

ते प्रयोग द्यूमाचे, १८२६ पासूनचे. बाष्पाची घनता काढायची त्याची रीत आजही करून पाहण्यासारखी आहे. गोल चंबूची मान तापवून केसासारखी बारीक ओढायची, कोरडा करून तोलायचा, आत थोडा द्रव घ्यायचा आणि चंबू द्रवाच्या उत्कलनबिंदूपेक्षा वीस-तीस अंश जास्त तापलेल्या पाण्यात किंवा तेलात बुडवायचा. उकळणारा द्रव आतली हवा ढकलून बाहेर काढतो. टोकातून येणारी वाफेची धार थांबली की त्या क्षणी टोक ज्योतीने बंद करायचं, आणि तापमान व हवेचा दाब लिहून घ्यायचा. थंड झाल्यावर पुसून तोलायचं. मग टोक पाण्याखाली मोडायचं, पाणी आत उसळतं, आणि भरलेल्या चंबूच्या वजनावरून आकारमान मिळतं. वर बुडबुडा राहिला तर हवा पुरती गेली नव्हती. द्रवात जास्त तापमानाला उकळणारी भेसळ असेल तर शेवटी तीच मागे राहते आणि रेणुभार फुगतो.

सर्वांत जास्त होणारी चूक हिशेबाची. क्लोरोफॉर्म आणि २५० मिलिलिटरचा चंबू घ्या, १०० अंश, ७६० मिलिमीटर दाब. आत ०.९७५ ग्रॅम बाष्प राहील. पण सुरुवातीला चंबू तोलला तेव्हा त्यात हवा होती, २० अंशांना ०.३०१ ग्रॅम. म्हणून तराजू वाढ दाखवतो फक्त ०.६७४ ग्रॅमची. हवेचं वजन परत मिळवायला विसरलात तर रेणुभार ११९.४ ऐवजी ८२.५ येतो.

द्यूमाने ही रीत पारा, फॉस्फरस, गंधक यांच्या वाफांना लावली आणि तिथे घोटाळा झाला. प्रत्येक मूलद्रव्याचा रेणू दोन अणूंचा, असं त्याने धरलं होतं. त्या हिशेबाने पाऱ्याचा अणुभार बर्झेलियसच्या आकड्याच्या निम्मा आला, फॉस्फरसचा दुप्पट, गंधकाचा तिप्पट. आपल्याला आज कारण माहीत आहे: पाऱ्याच्या वाफेत सुटे अणू, फॉस्फरसच्या रेणूत चार, आणि द्यूमाच्या तापमानाला गंधकाच्या रेणूत सरासरी सहाच्या आसपास. घनता बरोबर मोजल्या होत्या. ‘दोन’ हा आकडा चुकीचा होता. नवसागरानेही (अमोनियम क्लोराइड) असाच गोंधळ घातला. त्याच्या वाफेची घनता अपेक्षेच्या जवळजवळ निम्मी भरायची. पेबालने १८६२ मध्ये ही वाफ सच्छिद्र बुचातून जाऊ दिली आणि दोन्ही बाजूंना लिटमस ठेवला. अमोनिया हायड्रोजन क्लोराइडच्या जवळजवळ दीडपट वेगाने पसरतो, म्हणून बुचापलीकडचा लिटमस निळा झाला आणि अलीकडचा लाल. वाफेत नवसागर उरतच नव्हता, एका रेणूचे दोन होत होते.

पसारा आवरला तो कानिझ्झारोने, १८५८ मध्ये जिनोआतल्या आपल्या अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत. रेणूत किती अणू, हे आधी ठरवायचंच नाही. हायड्रोजनचा रेणू २ धरायचा आणि कोणत्याही वायूची हायड्रोजनशी तुलना केलेली घनता दुप्पट करून रेणुभार काढायचा. मग विश्लेषणातून त्यात मूलद्रव्य किती ते पाहायचं. कार्बनचंच घ्या. कार्बन मोनॉक्साइड २८, त्यात कार्बन १२. कार्बन डायऑक्साइड ४४, कार्बन १२. मिथेन १६, कार्बन १२. एथिलीन २८, कार्बन २४. ईथर ७४, कार्बन ४८. बेंझीन ७८, कार्बन ७२. कुठेही १२ पेक्षा कमी नाही, आणि सगळे १२ च्या पटीत. म्हणून अणुभार १२. उद्या एखाद्या संयुगात ६ सापडला तर आकडा बदलावा लागेल, ही जोखीम रीतीतच आहे, आणि जितकी जास्त संयुगं तपासावीत तितकी ती कमी होते. पाऱ्याची वाफ हायड्रोजनच्या शंभरपट जड, म्हणजे रेणू २००. मर्क्युरिक क्लोराइडच्या रेणूतही पारा २००. तेव्हा पाऱ्याचा रेणू म्हणजे एकच अणू, यात गैर काय? ड्युलाँग आणि पेती यांच्या नियमाशीही (मूलद्रव्याचा विशिष्ट उष्मा आणि अणुभार यांचा गुणाकार जवळजवळ सारखाच येतो) २०० जुळत होता.

सप्टेंबर १८६० मध्ये कार्ल्सरूहला रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. एकमत झालं नाही, पण निघताना कानिझ्झारोची पुस्तिका वाटली गेली. लोथार मायर आणि मेंडेलीव्ह दोघेही तिथे होते, आणि दोघांच्या आवर्तसारण्या याच अणुभारांवर उभ्या राहिल्या.

कॅव्हेंडिशचा बुडबुडा एवढ्या काळात कोणी पुन्हा पाहिला नव्हता. १८९० च्या दशकात लॉर्ड रॅले नायट्रोजनची घनता मोजत होता. एकाच चंबूत हवेतून मिळवलेला नायट्रोजन सुमारे २.३१० ग्रॅम भरायचा आणि संयुगांपासून केलेला २.२९९. फरक अर्ध्या टक्क्याचा, पण दर वेळी तोच आणि त्याच दिशेने. १८९४ मध्ये रॅले आणि रॅम्झी यांनी आर्गॉन वेगळा केला. तो कशाशीच संयोग पावत नाही, त्यामुळे कानिझ्झारोच्या रीतीला लागणारी संयुगंच नव्हती. त्यांनी त्या वायूतून ध्वनीचा वेग मोजून स्थिर दाबाच्या आणि स्थिर आकारमानाच्या विशिष्ट उष्म्यांचं गुणोत्तर काढलं. हवेचं १.४० असतं, आर्गॉनचं १.६६ च्या जवळ आलं. कुंट आणि वारबुर्ग यांनी १८७६ मध्ये पाऱ्याच्या वाफेसाठीही तेच मिळवलं होतं. म्हणजे आर्गॉनचाही रेणू एका अणूचा. घनता हायड्रोजनच्या वीसपट, म्हणून रेणुभार ४० आणि अणुभारही ४०. तो पोटॅशियमच्या ३९ पेक्षा जास्त भरत होता, त्यामुळे अणुभाराच्या क्रमाने लावलेल्या सारणीत त्याला कुठे बसवायचं हा वाद लगेच सुरू झाला.